रापणीचा कुत्रा

काशीने शेवंतीला कमरेवरून उतरवून वाळूत उभे केले, खाली वाकून तिच्या पोटरीवरचे फडके सोडले आणि जाळ्याभोवती बसलेल्या माणसांना म्हणाली,

"बगा."

किनाऱ्यावरच्या माटवाच्या, झापांनी शाकारलेल्या मांडवाच्या, सावलीत वीसेक गडी होते. सकाळची रापण ओढून झाली होती आणि आता जाळे जिथे जिथे फाटले होते तिथे सांधायचे काम चालले होते. दोन-चार हात थांबले, बाकीचे चालूच राहिले. पोरीच्या पोटरीत दात खोल रुतल्याच्या खुणा दिसत होत्या. औषधाने भोवतालची कातडी जांभळी झाली होती. शेवंती एका पायावर उभी होती. आईच्या लुगड्याचा काठ तिने मुठीत घट्ट धरला होता आणि तिची नजर माणसांवर नव्हती. माणसांच्या मागे, होडीच्या सावलीत तांबडा कुत्रा पाय ताणून पडला होता. ती त्याच्याकडे बघत होती.

"चावलो खरो," विश्राम तांडेल म्हणाला. तो रापणीचा म्होरक्या. त्याच्या शब्दाशिवाय तारकर्लीच्या त्या किनाऱ्यावर जाळे पाण्यात जात नसे. "दुखता गो?"

शेवंती आईच्या मागे सरली.

"मालवणाक गेल्लंय," काशी म्हणाली. पोरीला कडेवर घेऊन वायरी गावावरून चालत गेलेली आणि तशीच चालत आलेली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. "डॉक्टरान सांगल्यान, कुत्रो दहा दिस बांधून ठेवूचो. खाता काय, पिता काय, ता बगूचा. दहा दिस तो बरो रवलो तर चेडवाक भिया नाय. पण तो खंय गेलो, मेलो, नायतर गावलोच नाय, तर पोटात इंजेक्शना. रोज मालवणाक जावन. म्हणान सांगूक इलंय. कुत्रो बांधा."

"बांध मगे," कोणीतरी म्हणाले.

"मी? कुत्रो कोणाचो?"

"रापणीचो," तीन-चार जण एकदमच बोलले, आणि यात विचारण्यासारखे काय आहे अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिले.

ते खरेच होते. कुत्रा कोणी आणलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर कुठून तरी आला आणि वाळत घातलेल्या मासळीपाशी बसला. रात्री कोल्हे येत, परक्या वाडीची कुत्री येत. हा त्यांना हाकलू लागला. तेव्हापासून त्याला राखण्या म्हणू लागले. वाटे घालताना विश्राम आधी देवाचा वाटा बाजूला काढी, मग मूठभर मासळी राखण्यापुढे टाकी आणि मग माणसांच्या टोपल्यांकडे वळे. या क्रमाचे कोणाला काही वाटत नसे.

"बांधलो तर रातीक मासळी कोण राखतलो?" बाबूने विचारले. हा विश्रामचा पुतण्या, जिभेने तिखट. "कोल्ये काय दहा दिस रजेर जातले?"

हसू उठले. काशी हसली नाही.

"आणि मी म्हणतंय, चेडू मासळीत शिरला कित्याक?" बाबूनेच पुढे विचारले.

"माजी मासळी ती. माज्या वाट्याची तारली सुकत घातलेली. सांज झाली म्हणान उचलून हाड, असा सांगून मीच तिका धाडलंय."

"ता राखण्याक कसा कळतला? वाटेकऱ्यांची पोरा तो वळाखता. तेंच्या अंगार कदी भुंकलो नाय."

पुन्हा हसू. या वेळी जरा दबके, कारण बाबू काय बोलला ते सगळ्यांना कळले होते.

काशीने वाळूत पडलेला दोराचा तुकडा उचलला आणि ती होडीकडे चालू लागली. कुत्र्याने डोके वर करून तिच्याकडे पाहिले आणि शेपटी एकदा वाळूवर आपटली. बाबू उठून तिच्या वाटेत उभा राहिला. त्याने हात लावला नाही, नुसता उभा राहिला.

"रापणीच्या जिनसाक हात लावूचो तर वाटेकऱ्यांका इचारूक व्हया, काशीवयनी."

"आणि मी कोण?"

बाबूने काकाकडे पाहिले. काका जाळ्यात बघत होता.

"बाबलदादा होतो तवा गोष्ट येगळी होती," बाबू म्हणाला. "आता तुका गावता तो धर्माचो वाटो. तेका कोण वाटो म्हणीत नाय."

रापण म्हणजे कोण्या एकाचे जाळे नव्हे. प्रत्येक घराने आपापला तुकडा विणून आणायचा, ते सगळे तुकडे एकमेकांना शिवायचे. तेव्हा कुठे किनाऱ्यावरून अर्धा समुद्र वेढणारे जाळे तयार होते. ज्याचा तुकडा, तो वाटेकरी. काशीच्या नवऱ्याची, बाबलची, होडी उलटली त्याला दुसरे वर्ष चालू होते, पण त्याचा तुकडा जाळ्यात अजून तसाच होता, आणि तो फाटला की सांधायला काशीच येऊन बसे. मात्र दोर ओढायला घरात गडी नाही म्हणून पंचांनी वाटा अर्धा केला होता. तो अर्धा वाटा सगळ्यांच्या टोपल्या भरल्यावर, शेवटी, तिच्या टोपलीत पडे. कधी बांगडा, कधी उरलेले बारीकसारीक पेडवे. ती ते घेऊन मुकाट्याने घरी येई.

"मगे तुमी बांधा," ती म्हणाली. "मी सांगतंय ता काय माज्यासाठी नाय."

विश्रामने जाळे मांडीवरून बाजूला केले. काहीतरी करून हे मिटवायला हवे, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"काशी, तुका इतक्याच वायट वाटता तर मारून टाकतंव तेका. एक धोंडो पुरे. चावलेल्या कुत्र्याक तसोय ठेवू नये."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की शेवंती दचकली. "आताच सांगलंय मा? तो मेलो तर इंजेक्शना. तो जगूक व्हयो. कितीदा सांगू?"

विश्रामने हात वर केले. एवढे देऊ केले तरी बाईचे समाधान नाही, तर माणसाने करावे तरी काय, असा तो हात होता. मग त्याने जाळे पुन्हा मांडीवर ओढून घेतले.

काशीने पोरीच्या पायाला फडके बांधले. दोर मात्र तिने टाकला नाही. तो हातात आहे हे घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आले.

पुढचे दिवस तिचे दारोदार फिरण्यात गेले. विश्रामच्या घरी त्याची बायको सावित्री भेटली. तिने शेवंतीसाठी पिकलेले केळे दिले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी आणले आणि कुत्र्याचे नाव निघताच म्हणाली, "ता बायलांचा काम न्हय गो. घोवाक इचारतंय." नवऱ्याने काय सांगितले ते तिने नंतर कळवले नाही. वाडीच्या टोकाला म्हातारा भाई राहत होता. आला तेव्हा कुत्र्याला पहिली भाकरी त्यानेच घातली असे सगळे सांगत, म्हणून काशी त्याच्याकडेही गेली.

"मी भाकरी घातलंय म्हणान तो माजो?" भाई खोकत म्हणाला. "मी कावळ्याकय घालतंय. उद्या कावळो कोणाच्या डोक्यार बसलो तर माका पोलिसात देशात?"

"बांधून तरी ठेवा, भाई. तुमच्या आंगणात."

"आणि रातीक मासळी गेली तर रापण माका इचारतली. नको बाय. रापणीक इचार."

रापणीला विचारायचे म्हणजे कोणाला, हेच तर तिला कळत नव्हते. माटवात विचारले की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघे, शेजारी विश्रामकडे, आणि विश्राम समुद्राकडे. कोणी तिला रागावत नव्हते. रागावले असते तर भांडता तरी आले असते. ओल्या वाळूत खुंट ठोकावा आणि तो दर वेळी आपसूक बाजूला कलंडावा, तसे होत होते.

मग तिने दुसरा उद्योग सुरू केला. सकाळी उठून चुलीत विस्तव घालण्याआधी ती किनाऱ्यावर जाई आणि कुत्रा आहे का ते बघे. तो लंगडतो का, लाळ गाळतो का, पाण्याला तोंड लावतो का, हे लांबून उभी राहून बघे. तिच्या पोरीला चावलेले जनावर धडधाकट आहे हे पाहून तिचा जीव खाली बसे, आणि असा जीव खाली बसावा याचाच तिला संताप येई. एका सकाळी राखण्या दिसला नाही. होडीखाली नाही, माटवात नाही, मासळीपाशी नाही. ती शेजारच्या देवबाग गावाच्या वाटेने जवळजवळ पळत सुटली. ऊन चढल्यावर तिला तो खाडीच्या तोंडाशी दिसला; मेलेल्या मोठ्या माशाला हुंगत मजेत उभा होता. काशी तिथेच वाळूत बसली.

त्याच दिवशी दुपारी गुरुदास मास्तर तिच्या दारात आले. शाळेत दोन खोल्या आणि दोनच मास्तर. त्यातले हे थोरले, पिकल्या केसांचे. पोर तीन दिवस शाळेत आले नाही की चौथ्या दिवशी ते त्याच्या घरी जात. ओटीवर बसण्याआधी त्यांनी शेवंतीला पाटी आणायला सांगितली, राहिलेली बेरीज तिच्याकडून करून घेतली, हातचा विसरली तिथे नुसते बोट ठेवून ती स्वतः बघेपर्यंत थांबले, आणि गणित बरोबर आल्यावरच काशीकडे वळले.

तिने सगळे सांगितले. सांगताना तिचा आवाज चढत गेला.

"कायद्यात ह्याक जागा आसा," तिचे झाल्यावर मास्तर म्हणाले. "जनावर जेच्या ताब्यात आसा, तेणा ता सांबाळूक व्हया. तेचो धोको म्हायत असून सांबाळलो नाय आणि कोणाक इजा झाली, तर सरकार तेका धरता. दंड करता. येळ पडली तर तुरुंगात घालता."

"माका कोणाक तुरुंगात घालूचा नाय, मास्तर. कुत्रो बांधूक व्हयो."

"ता कळला. पण पोलिसान इचारला तर कोणतरी 'माजो' म्हणतलोच. आणि माजो म्हटला की बांधूचो कोणी ता आपोआप ठारता."

"हय कोण म्हणणा नाय."

"तू इचारतंस म्हणान म्हणणत नाय," मास्तर सावकाश म्हणाले. "इचारणारो बदलून बगूया."

हवालदार दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत आला. वाळूने तिची चाके अडली होती आणि त्यामुळे त्याचे डोके आधीच तापले होते. घाटावरचा माणूस, इथली बोली त्याला अर्धीच कळे. त्याने होडीच्या काठावर बूड टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि समोर उभ्या राहिलेल्या गड्यांकडे पाहिले. एका बाजूला काशी उभी होती. तिच्याजवळ मास्तर आणि मास्तरांचे बोट धरून शेवंती. कुत्रा हवालदाराचे बूट हुंगून गेला आणि सावलीत जाऊन झोपला.

"हाच ना तो? कुत्रा कोणाचा?"

"रापणीचो," बाबू म्हणाला.

"रापणीचा म्हणजे कोणाचा? मला माणसाचं नाव पाहिजे. जबाबात मी काय लिहू, आरोपी रापण, वय माहीत नाही?"

"आमच्या सगळ्यांचो, सायब."

"सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. त्याला सांभाळतं कोण? खायला कोण घालतं?"

"रापण."

हवालदाराने मास्तरांकडे पाहिले. मास्तर म्हणाले, "असंच आहे, साहेब. गेले काही दिवस ही बाई हेच ऐकते आहे."

"हे बघा," हवालदार म्हणाला, "एका माणसाचं नाव द्या, नाहीतर सगळ्यांना मालवणला बोलावतो. कोर्टात उभे राहा, तारखा घ्या. बसा मग रापण ओढत."

गड्यांत चुळबुळ झाली. मालवणची तारीख म्हणजे दिवस बुडाला. हंगामात असा दिवस बुडणे कोणाला परवडणारे नव्हते. सगळे विश्रामकडे बघू लागले. विश्रामने डोक्याचे फडके काढून झटकले आणि पुन्हा बांधले. एवढ्या वेळात त्याला वाट सापडली.

"सायब, मी सांगतंय," तो पुढे येऊन म्हणाला, आणि कचेरीत बोलतात तशी भाषा जमेल तेवढी जमवू लागला. "ह्या जाळा एकट्याचा नाय. एकेकाचो तुकडो शिवून रापण होते. ज्याचो तुकडो, तो वाटेकरी. रापणीची होडी, दोर, टोपली, कुत्रो, जे काय आसा ते सगळ्या वाटेकऱ्यांचा. तुम्ही सगळ्यांवर खटलो भरा. आमची ना नाय."

"मग?"

"मग ह्या बाईचा नावपण त्यात घालूक व्हया. तिच्या घोवाचो तुकडो अजून जाळ्यात आसा. तीपण वाटेकरीण. कुत्रो जितको आमचो तितकोच तिचो."

मग कोणीतरी फसकन हसले आणि सगळ्यांच्याच छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. हवालदारालाही हसू आले.

"वा! म्हणजे फिर्यादी हीच आणि आरोपीही हीच. बाई, तुझ्या कुत्र्याने तुझ्या पोरीला चावलं. मी काय करू?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. पोरांवर कधी न चढलेला त्यांचा आवाज चढला.

"विश्राम, त्या दिसा तुज्या पुतण्यान हिका काय सांगल्यान? धर्माचो वाटो म्हणान..."

"मास्तर, रवा," काशी म्हणाली.

तिने त्यांच्यापुढे हात आडवा धरला होता. ती कोणाकडेच बघत नव्हती. नीट ऐकू न आलेले काहीतरी पुन्हा ऐकावे तशी तिने मान किंचित कलती केली होती. मग ती हवालदाराला म्हणाली,

"सायब, तेंका परत एकदा इचारा. सगळ्यांका."

"काय विचारू?"

"मी वाटेकरीण आसंय काय ता."

हवालदार कंटाळला होता, पण सायकल परत त्याच वाळूतून न्यायची होती आणि त्याआधी प्रकरण मिटायला हवे होते. त्याने बाबूकडे बोट केले.

"तू सांग. ही बाई वाटेकरी आहे?"

बाबूने काकाकडे पाहिले. नाही म्हणावे तर कुत्रा उरलेल्यांच्या गळ्यात पडत होता.

"आसा," तो म्हणाला. "म्हणजे अर्धी."

"अर्धी?" हवालदार भडकला. "कुत्र्यात अर्धी-पुरी मालकी कसली? शेपटी हिची आणि दात तुमचे, असं लिहू? आहे की नाही तेवढं बोल."

"आसा."

"तुमच्यासारखीच?"

बाबू वाळूकडे बघत म्हणाला, "आमच्यासारकीच."

"तुम्ही?" हवालदाराने पुढच्याला विचारले. तो हो म्हणाला. त्याच्या पुढचाही म्हणाला. मागे उभा असलेला म्हातारा भाई खोकत खोकत हो म्हणाला. विश्रामने नुसती मान हलवली तेव्हा काशी म्हणाली, "तांडेल, तोंडान बोला," आणि तो तोंडाने बोलला.

हवालदाराने टोपी डोक्यावर चढवली. "तुमचं तुम्ही मिटवा," असे म्हणून त्याने सायकल उचलली. मास्तर त्याच्यामागे चार पावले गेले, काहीतरी बोलले आणि मान खाली घालून परतले.

"काशी, माजा चुकला," ते म्हणाले. "मी भलत्याच वाटेन नेलंय तुका."

काशी घराकडे गेली आणि तो त्या दिवशीचा दोर घेऊन आली. होडीच्या सावलीत वाकून तिने कुत्र्याच्या गळ्यात फास अडकवला. कुत्र्याने काहीच केले नाही. बाबू अर्धवट उठला. त्याने एकदा काकाकडे, एकदा लांब चाललेल्या सायकलीकडे पाहिले आणि पुन्हा बसला. ती राखण्याला ओढत माटवासमोरून नेत होती तेव्हा सगळ्यांचे हात जाळ्यावर थांबलेले होते.

आपल्या अंगणातल्या उंडीच्या झाडाला तिने कुत्रा बांधला. शेवंती उंबऱ्याच्या आत उभी होती. पाय बाहेर टाकायला तयार नव्हती.

"आये, ह्यो आता आमचो?"

"आमचोय," काशी म्हणाली. "लांबसून बग. पाणी पिता काय ता माका सांगीत रव. दुसरा काय करू नको."

शेवंती उंबऱ्यावर बसली आणि तिने ते काम मनावर घेतले. कुत्रा पाणी प्यायला की ती ओरडून सांगे, शेपूट हलवली तरी सांगे. रात्रभर तो भुंकत आणि रडत राहिला. काशीला झोप लागली नाही, पण त्या भुंकण्यात तो जिवंत असल्याची खात्री होती, आणि ती करून घ्यायला या वेळी किनाऱ्यापर्यंत जावे लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विश्राम आला. बरोबर बाबू आणि आणखी दोघे. अंगणाच्या बेड्यापाशी, आडव्या बांबूंच्या फाटकापाशी, ते उभे राहिले. बाबल गेल्यापासून यांच्यातले कोणी तिच्या दारात आले नव्हते.

"काशी," विश्राम म्हणाला, "काल रातीक कोल्ह्यांनी पेडव्यांचो इस्कोट केल्यानी. अर्दी मासळी गेली. कुत्रो सोड."

काशी फाटलेल्या टोपलीला कामटी गुंफत होती. तिने मान वर केली नाही. "दहा दिस होवक नाय."

"दहा दिसांत काय रवतला?"

"राखण करा मगे. माणसांनी."

"माणसा दिसभर दोर ओढून मरतत आणि रातीक राखण करतली?" बाबू पुढे झाला. "कुत्रो रापणीचो आसा. तुका एकटीक बांधूचो हक्क कोणी दिल्यान?"

"तूच दिलंस. काल. हवालदारासमोर."

बाबूच्या मागचा गडी खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. विश्राम मात्र तिच्याकडे टक लावून बघत होता. कालपासून डोक्यात कुठेतरी टोचत असलेली गोष्ट नेमकी काय ते आत्ता कळावे, तसा.

"आमी तसा म्हटला," तो सावकाश म्हणाला, "कित्याक की..."

"कित्याक ता माका म्हायत आसा, तांडेल." तिने टोपली खाली ठेवली. "तुमका तसा म्हणूचा नसात तर आता सांगा. मी वाटेकरीण नाय म्हणा. मी हीच दोरी तुमच्या हातात देतंय, आणि उद्या मास्तरांका घेवन मालवणाक जातंय. कुत्रो तुमचो, चेडू माजा."

कुत्रा ओळखीची माणसे बघून दोर ताणत होता, शेपूट हलवत होता.

"आणि वाटेकरीण असलंय," ती पुढे म्हणाली, "तर राखणेची पाळी माजीय येता. ती कदी ता सांगा."

"बायलमाणूस रातीक दर्यावर?" बाबू म्हणाला. "लोक काय म्हणतले?"

"मगे असा करा. माज्या वाट्याची मासळी तुमी राखा. तुमच्या वाट्याचो कुत्रो मी राखतंय."

मागच्या गड्याला हसू फुटले. त्याने ते खोकल्यात दडवले. विश्राम हसला नाही. त्याने डोक्याचे फडके काढले, पण या वेळी ते झटकले नाही; हातात धरून तो उभा राहिला. पलीकडे उंबऱ्यावर बसलेली शेवंती ओरडली, "आये, पाणी पिल्यान!"

"दहा दिस झाले की?" विश्रामने विचारले.

"मगे बसून ठरवूया. खंय बांधूचो, खंय सोडूचो, पोरा येतत तवा कोणी बगूचा."

"कोणी बसून?" बाबू म्हणाला. "कोण कोण बसतला?"

विश्रामने फडके पुन्हा डोक्याला गुंडाळले. वळून तो बेड्याबाहेर पडला, बाकीचे बाहेर येईपर्यंत थांबला आणि मग त्याने बेडे आपल्या हाताने ओढून लावले.

"वाटेकरी," तो पुतण्याला म्हणाला. "चल. आज राखणेक तू आणि मी."